विश्लेषण : जनुकांमधले अंतर मोजणारे कोसंबी कोण होते?

अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तिथे काय किंवा देशातल्या दुसऱ्या कोणत्याही कृषी संशोधन केंद्रात काय, ज्वारीचा किंवा हरभऱ्याचा जनुकीय नकाशा काढायला बसलेल्या विद्यार्थ्यापुढे संगणक एक प्रश्न ठेवतो. दोन जनुकांमधले अंतर कोणत्या सूत्राने काढायचे? पर्याय म्हणून दोन नावे हमखास दिसतात, हॉल्डेन आणि कोसंबी. पहिले नाव ब्रिटिश शास्त्रज्ञाचे. दुसरे मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचे आहे, पण ते वेगळ्याच कपाटातले. प्राचीन भारताच्या इतिहासाची मांडणी बदलणारे दामोदर धर्मानंद तथा डी. डी. कोसंबी आणि जनुकांच्या नकाशातले कोसंबी ही एकच व्यक्ती आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. इतिहासाचे विद्यार्थी सूत्राकडे फिरकत नाहीत आणि सूत्र वापरणारे बहुतेक जण इतिहासाकडे.

गोव्यातून हार्वर्डला कसे पोहोचले?

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबें गावचा. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. बुद्धाचा शोध घेण्यासाठी घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घातलेला हा माणूस पुढे पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागला. हार्वर्ड विद्यापीठात एका पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम चालू होते आणि त्यासाठी धर्मानंदांना बोलावणे येत असे. १९१८ मध्ये ते अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर घेतले.

मुलाचे शालेय शिक्षण केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे झाले. मधला थोडा काळ भारतात काढून दामोदर पुन्हा तिकडे गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. त्यांनी डॉक्टरेट कधीच केली नाही. गणित हा मुख्य विषय असला तरी ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्याशी जमलेली मैत्री त्याच काळातली.

भारतात परतल्यावर आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलीगढ. अलीगढला गणित विभागाची धुरा आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाकडे होती. तिथल्या वास्तव्यात कोसंबींनी १९३१ मध्ये ‘बुर्बाकी’ या काल्पनिक गणितज्ञाचे नाव घेऊन एक शोधनिबंध छापला. निबंधात गणित होते, पण ते नाव म्हणजे वेल यांच्या संगनमताने केलेली थट्टा होती. पुढे वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी त्याच टोपणनावाने विसाव्या शतकातले गणित नव्याने लिहून काढले. बुर्बाकी हे नाव छापील गणितात पहिल्यांदा आले ते असे, एका गोवेकराच्या खोडीतून.

१९३३ पासून बारा वर्षे कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. विद्यार्थ्यांना झेपणारा शिक्षक अशी त्यांची ख्याती नव्हती. पण ज्या कामांमुळे आज जगभर त्यांचे नाव घेतले जाते, त्यातले बरेचसे याच वर्षांत, मोठ्या प्रयोगशाळेशिवाय, पुण्यात बसून झाले.

नाणी तराजूत का घातली?

संख्याशास्त्र कोसंबी कोणाकडे शिकले नाहीत. विषय समजायचा तर एखादा खरा प्रश्न हाताशी हवा, म्हणून त्यांनी नाणी निवडली. तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांचे ढीग संग्रहालयांत होते. त्यांवर चिन्हे होती, पण राजाचे नाव नव्हते, सालही नव्हते. कोणते जुने आणि कोणते नवे, हे ओळखायचे कसे?

नाणे हातोहात फिरले की झिजते. प्रत्येक व्यवहारात किती झीज होईल ते सांगता येत नाही, पण हजारो नाण्यांचा विचार केला तर नियम दिसतो. काळ जातो तशी सरासरी वजन घटते आणि त्याच वेळी वजनांमधला फरक वाढत जातो, कारण एखादे नाणे तिजोरीत पडून राहते आणि एखादे रोज बाजारात असते. हे पडताळण्यासाठी कोसंबींनी आधी आपल्या काळातली चलनी नाणी हजारोंनी संवेदनशील तराजूवर तोलली. त्यांच्यावर साल छापलेले असते, त्यामुळे उत्तर आधीच माहीत. नियम तिथे लागू पडतो हे पाहिल्यावर ते प्राचीन नाण्यांकडे वळले. या नाण्यांच्या मागच्या बाजूला सराफांनी वेळोवेळी मारलेल्या लहान खुणा असतात. ज्या नाण्यावर खुणा जास्त, त्याचे सरासरी वजन कमी, असे निघाले. म्हणजे खुणांची संख्या ही नाण्याच्या वयाची मोजपट्टी ठरली. १९४० पासून या विषयावरचे त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले.

इतिहासकार कोसंबी जन्माला आले ते या तराजूपाशी. नाणी कालक्रमाने लागली, की ती पाडणारे राजे कोण, हा प्रश्न येतो. त्यासाठी संस्कृत आणि पाली साधने वाचावी लागतात. संख्याशास्त्राचा सराव म्हणून हाती घेतलेल्या कामाने त्यांना तिथवर नेले.

जनुकांमधले अंतर म्हणजे नेमके काय?

पुढचा प्रश्न जीवशास्त्रातला होता. तो समजून घ्यायला नगर-पुणे रस्ता उपयोगी पडेल. असे समजा की नगरहून पुण्याला दोन समांतर रस्ते जातात. एक आईकडून मिळालेला, दुसरा वडिलांकडून. वाटेतली सुपे, शिरूर, शिक्रापूर ही गावे दोन्ही रस्त्यांवर त्याच क्रमाने येतात. रस्ता म्हणजे गुणसूत्र आणि गावे म्हणजे जनुके.

बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी एकमेकांना बिलगते आणि काही ठिकाणी तुकड्यांची अदलाबदल होते. आईच्या रस्त्यावरून निघालेला प्रवासी मध्येच वडिलांच्या रस्त्यावर जातो. संततीला मिळते ते हे मिश्र गुणसूत्र. दोन गावे लांब असतील तर मध्ये रस्ता बदलण्याची शक्यता जास्त, जवळ असतील तर कमी. म्हणून शंभर रोपांपैकी कितींमध्ये दोन गुणांची जुनी जोडी फुटली, एवढे मोजले की जनुकांमधले अंतर कळायला हवे. फळमाशीवर हा प्रयोग करून आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या अमेरिकी विद्यार्थ्याने १९१३ मध्ये पहिला जनुकीय नकाशा छापला. अंतराच्या एककाला त्यांचे गुरू मॉर्गन यांच्या नावावरून सेंटिमॉर्गन म्हणतात.

अडचण अशी, की मोजणारा फक्त गावाच्या वेशीवर उभा असतो. प्रवासी नगरला आईच्या रस्त्यावर होता आणि शिरूरलाही आईच्याच रस्त्यावर दिसला, तर मध्ये काहीच घडले नाही असे तो लिहून घेतो. प्रत्यक्षात सुप्याच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा, असा दोन वेळा रस्ता बदललेला असू शकतो. दुसऱ्या बदलाने पहिला पुसला जातो. त्यामुळे लांबची अंतरे नेहमी कमी भरतात. दोन जनुके कितीही दूर असली तरी शंभरात सरासरी पन्नासाहून जास्त जोड्या फुटलेल्या दिसत नाहीत.

हॉल्डेन कुठे थांबले, कोसंबींनी काय केले?

जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर सूत्र दिले. त्यांनी गणित सोपे राहावे म्हणून असे धरले, की रस्ता बदलण्याची प्रत्येक घटना स्वतंत्र असते. एकदा बदलल्याचा पुढच्या बदलावर परिणाम होत नाही. जीवसृष्टी मात्र बहुधा तशी वागत नाही. एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी जवळ दुसरी सहसा होत नाही. याला व्यत्यय म्हणतात. हॉल्डेन यांना तो ठाऊक नव्हता असे नाही, पण तो हाताळायला सोपे आणि प्रयोगांशी जुळणारे सूत्र पुढची पंचवीस वर्षे कोणाकडे नव्हते.

कोसंबींचा निबंध लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये १९४४ च्या सुमारास आला. अवघी चार पाने. या नियतकालिकाचे नाव आज कानाला खटकते आणि ते रास्तही आहे. वंशसुधाराच्या कल्पनेने त्या काळात बरेच नुकसान केले. १९५४ मध्ये ते बदलून मानवी जनुकशास्त्राचे करण्यात आले. कोसंबींच्या चार पानांत मात्र वंशसुधार कुठेच नाही. त्यांचे म्हणणे साधे होते. जनुके अगदी शेजारी असतील तेव्हा व्यत्यय पूर्ण धरावा, म्हणजे दुहेरी बदल जवळपास अशक्य. अंतर वाढेल तसा व्यत्यय सरळ प्रमाणात ओसरू द्यावा आणि जोड्या फुटण्याचे प्रमाण पन्नास टक्क्यांना पोहोचते तिथे तो शून्य व्हावा. एवढे धरले की बाकीचे सूत्र आपोआप बाहेर पडते.

फरक किती पडतो? शंभर रोपांपैकी २० मध्ये जोडी फुटलेली दिसली, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर २५.५ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. दहाच रोपांत फुटली असेल तर दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी, ११.२ आणि १०.१. पण प्रमाण ४० टक्के असेल तर एक सूत्र ८०.५ म्हणते आणि दुसरे ५४.९. माणसाच्या गुणसूत्रावर एक सेंटिमॉर्गन म्हणजे सरासरी दहा लाखांच्या आसपास डीएनएची अक्षरे. आजाराचे जनुक शोधणाऱ्याला चार सेंटिमॉर्गनची चूक म्हणजे चाळीस लाख अक्षरांची चुकीची गल्ली.

ही गल्ली किती लांब असू शकते याचे उदाहरण हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचे आहे. त्याच्या जनुकाजवळची खूण चौथ्या गुणसूत्रावर १९८३ मध्ये सापडली. प्रत्यक्ष जनुक हाती लागायला १९९३ उजाडले.

कोसंबींचे सूत्र सगळीकडे बरोबर आहे असेही नाही. काही बुरशींमध्ये आणि यीस्टच्या एका जातीत व्यत्यय जवळपास आढळतच नाही. तिथे हॉल्डेनच योग्य. पिके, प्राणी आणि माणूस यांच्या नकाशांत मात्र कोसंबींचा पर्याय वास्तवाच्या अधिक जवळ जातो. म्हणूनच तो ऐंशी वर्षांनंतरही टिकून आहे.

दवाखान्यातल्या संशोधनाशी काय संबंध?

त्याच सुमाराचा, १९४३ चा, त्यांचा दुसरा निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात छापला गेला. त्याची कथा उलटी आहे. पहिल्या निबंधाला नाव मिळाले, दुसऱ्याला दीर्घ काळ मिळाले नाही.

दवाखान्यात नोंद होणारी पुष्कळशी माहिती सुट्या आकड्यांत नसते, ती रेषेत असते. हृदयाचा आलेख, दिवसभरातल्या साखरेचा चढउतार, मुलाची जन्मापासूनची उंची. नेहमीचे संख्याशास्त्र या रेषेतून काही बिंदू उचलते आणि त्यांची सरासरी काढते. कोसंबींनी संपूर्ण रेषा हीच एक नोंद मानली. अशा शेकडो रेषा जमवल्या तर त्यांच्यातला फरक काही मोजक्या मूळ आकारांत वेगळा करता येतो, असे त्यांनी दाखवले. मुलांच्या वाढीच्या आलेखांवर आज ही रीत वापरली तर पहिला आकार एकूण उंच आणि बुटक्या मुलांमधला फरक सांगतो. पुढचा आकार सांगतो, की कोणाची वाढ लवकर झपाट्याने झाली आणि कोणाची उशिरा. नुसत्या सरासरीत ही दुसरी गोष्ट बुडून जाते. उशिरा वाढणारे निरोगी मूल आणि खुंटलेले मूल यांत गल्लत होते ती इथेच.

महत्त्वाचे हे, की हे मूळ आकार आधी ठरवलेले नसतात, ते जमवलेल्या रेषांमधूनच निघतात. नोंदी अमुक एका साच्यात बसतात असे गृहीत न धरणाऱ्या पद्धतींना संख्याशास्त्रात नॉनपॅरामेट्रिक म्हणतात. रुग्णांच्या नोंदी पाठ्यपुस्तकातल्या घंटेच्या आकाराच्या आलेखाला फारशा जुमानत नाहीत, त्यामुळे औषधांच्या चाचण्यांत आणि जनुकांच्या अभ्यासात अशा पद्धतींना मोठी मागणी असते. कोसंबींचा निबंध या शाखेच्या पायात बसलेला दगड आहे. पण महायुद्ध चालू होते आणि निबंध भारतीय नियतकालिकात होता. काही वर्षांत फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले आणि प्रमेयाला त्या दोघांचे नाव लागले. कोसंबींचे नाव आता काही जण त्यांच्या आधी जोडतात, सगळे नाही.

नगरच्या किल्ल्याशी गाठ कुठे पडली?

पुण्यात ही कामे चालू होती तेव्हा, १९४२ च्या ऑगस्टपासून, जवाहरलाल नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. १९४४ मध्ये तिथेच त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. ते १९४६ मध्ये बाहेर पडले आणि त्याच वर्षी एका अमेरिकी मार्क्सवादी त्रैमासिकात कोसंबींनी त्याचे परीक्षण केले. लेखकाविषयी आदर राखून, पण पुस्तकावर सडकून. देशाच्या भूतकाळाविषयी लिहिताना कोणत्या वर्गाच्या हाती काय होते हा प्रश्न बाजूला ठेवून चालत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आयुष्यभर नाणी, पोथ्या आणि दगडी हत्यारे मोजलेल्या माणसाला भावनेने रंगवलेला इतिहास पटणे कठीणच होते. दहा वर्षांनी, १९५६ मध्ये, भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा स्वतःचा ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला.

टाटा संस्थेतून बाहेर का पडले?

होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. कोसंबींनी पुण्यातले घर सोडले नाही. ते डेक्कन क्वीनने रोज मुंबईला जाऊन येत आणि बरेचसे वाचन-लिखाण गाडीत होई.

१९५० च्या दशकात एस. राघवाचारी यांच्यासोबत त्यांनी भारतातल्या जन्म-मृत्यूंच्या प्रमाणात ऋतूंप्रमाणे होणारे बदल तपासले. आकडे सरकारी नोंदींतले, म्हणजे कोणालाही उपलब्ध असलेले. विषमज्वरासारख्या आजारांचे बळी पावसाळ्याशी बांधलेले आहेत आणि मुंबईत पाऊस सुरू होण्याआधीच प्रतिबंधाची मोहीम घेतली तर जीव वाचतील, असे त्यांचे मत बनले. मोसमी आजारांसाठी आधीच तयारी करणे आज आरोग्य खात्यांच्या नित्याच्या कामात बसते. तेव्हा त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही.

भाभांशीही त्यांचे जमेनासे झाले. भाभांचा भर अणुऊर्जेवर. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत उघडपणे वावरत आणि भारतासारख्या उन्हाच्या देशाने सौरऊर्जेवर पैसा लावावा, असे जाहीर सांगत. त्यातच १९५९ मध्ये त्यांनी एक धाडस केले. रीमान गृहीतक हा मूळ संख्यांविषयीचा गणितातला अत्यंत अवघड प्रश्न. तो संभाव्यतेच्या वाटेने सुटतो असा दावा करणारा निबंध त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात छापला. तो टिकला नाही. संभाव्यतेने बहुतेक वेळा खरे ठरणारे विधान आणि गणितात प्रत्येक वेळी खरे असावे लागणारे विधान यांत फरक असतो, आणि नाण्यांच्या ढिगावर जे चालून गेले ते मूळ संख्यांवर चालले नाही. गणितज्ञांमधली त्यांची पत त्यामुळे घसरली. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

शेवटची वर्षे आणि नंतर

१९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत ते काम करू लागले. टेकड्यांवर भटकणे, लहान दगडी हत्यारे वेचणे, खेड्यातल्या देवतांची ठाणी आणि जुने व्यापारी मार्ग जुळवून पाहणे हे उद्योग चालूच होते. प्राचीन भारताची संस्कृती सांगणारे त्यांचे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक १९६५ चे. पुढच्याच वर्षी, २९ जून १९६६ रोजी, पुण्यात झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ५८.

हॉल्डेन यांची अखेरही भारतातच झाली. इंग्लंड सोडून ते १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. दोघेही मार्क्सवादाकडे झुकलेले, दोघेही वरिष्ठांशी न जमणारे. जनुकीय नकाशाच्या संगणक प्रणालीत त्यांची नावे आज एकाखाली एक येतात.

२००८ मध्ये टपाल खात्याने कोसंबींवर तिकीट काढले. इतिहासाच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात त्यांची पुस्तके आजही असतात. १९४४ च्या त्या चार पानांचे सूत्र मात्र इतके रुळले आहे, की अनेक शोधनिबंधांत अंतर कोसंबी सूत्राने काढले एवढेच एक वाक्य येते आणि मूळ निबंधाचा उल्लेखही केला जात नाही.